माजघरातलं लाजाळू : हात लावल्यावर मिटणारी फांदी घरी कशी करावी

काकीच्या माजघरात झाड जगत नाही. वेंगुर्ल्याजवळचं आमचं जुनं घर जांभ्या चिऱ्याचं. दोन्ही अंगांना पडव्या आणि मधे माजघर. तिथे उजेड येतो तो छपरातल्या एका काचेच्या कौलातून, आणि पावसाळ्यात त्या कौलावरही शेवाळ धरतं. खुब्याचं हाड मोडून काकी खाटेला खिळली त्या वर्षी आम्ही तिच्या उशाशी मनीप्लांट ठेवला. तो पिवळा पडत गेला. मागीलदारची तुळस कुंडीसकट आत आणली, ती पंधरा दिवसांत काळवंडली. कुंडीतल्या मातीला बुरशी आली आणि काकीला खोकला लागला, तेव्हा कुंड्या बाहेर नेल्या. जन्म परसात घालवलेली बाई ती. तिला झाड नुसतं बघायचं नव्हतं, हात लावायचा होता.

म्हणून मी तिच्यासाठी लाजाळूची फांदी केली. हिरांची, कापडाची आणि चार छोट्या मोटरींची. हात लावला की पानं मिटतात, सावकाश उघडतात, संध्याकाळी निजतात. दोन पावसाळे ती चालली आहे. काय जमलं आणि काय बिघडलं ते सगळं इथे लिहितो, म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा कमी वेळ लागेल.

खोलीतून दिसणाऱ्या हिरवाईचा माणसावर परिणाम होतो, हे पुस्तकी बोलणं नाही. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या होत्या. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना घरी लवकर सोडलं गेलं आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ती झाडं खरी होती, माझी फांदी कापडाची आहे, तेव्हा तिच्याकडून तोच गुण येईल असा दावा मी करत नाही. पण झाड आणि माणूस यांच्यातल्या स्पर्शावर कलाकारांनी काम केलेलं आहे. क्रिस्टा सोमेरर आणि लोराँ मिन्योनो यांनी १९९२ मध्ये खऱ्या कुंड्या ठेवून अशी रचना केली की प्रेक्षकानं झाडाला हात लावला की पडद्यावर दुसरी झाडं वाढू लागत. मला पडदा नको होता. काकीला दिसतं कमी, हाताला मात्र सगळं कळतं.

आधी खरं लाजाळू बघा

ही पायरी गाळू नका. कोकणात लाजाळू रस्त्याच्या कडेला, वईच्या बुंध्याशी, पडीक कुणग्यात कुठेही मिळतं. मुळात ते अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, पण आता आपल्याकडे तणासारखं माजलं आहे. फोनवर घड्याळ लावून त्याच्याशेजारी बसा आणि वहीत लिहा.

पानाच्या टोकाला हलकं बोट लावलं की पर्णिका, म्हणजे पानातली छोटी पानं, जोडीजोडीनं मिटत देठाकडे येतात. जोरात लावलं तर त्यानंतर अख्खा देठ खाली पडतो. आधी पर्णिका, मग देठ, हा क्रम मनात पक्का करा. हे सगळं काही सेकंदांत होतं. उघडायला मात्र दहा ते वीस मिनिटं जातात. पर्णिकेच्या आणि देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. स्पर्श झाला की त्याच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार बाहेर जातात, त्यांच्यामागून पाणी जातं आणि ती बाजू ढिली पडते. ते पाणी परत भरायला वेळ लागतो, म्हणून मिटणं झटपट आणि उघडणं संथ.

झाड असल्याचा भास हिरव्या रंगानं होत नाही. बाजारातली प्लास्टिकची वेल हिरवीच असते, पण तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. भास होतो तो वेळेनं. म्हणून या कामात सुबक पानं करण्यापेक्षा वेळ जुळवण्यावर जास्त दिवस घाला.

सामान

माडाचे हीर, खराट्याला लागतात तेच, पण ताजे न घेता महिनाभर वाळलेले. जुन्या हिरव्या छत्रीचं कापड. शिंप्याकडचं इस्त्रीनं चिकटणारं पेस्टिंग. मासे गरवायची बारीक तंगूस. पंपाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्याकडून तीस गेजची तांब्याची वाइंडिंग तार, पानाला मीटरभर अशी चारेक मीटर. आमच्या मेस्त्रीनं तिचे पैसेही घेतले नाहीत. चार बॉलपेनांच्या स्प्रिंगा, चार मणी, आणि साधारण २० मिमी व्यासाच्या चार लाकडी चकत्या. चकत्या मी सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून कातून घेतल्या. घरी बाटलीच्या बुचांवरही भागतं.

विजेच्या सामानात ईएसपी-३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, एसजी-९० जातीच्या चार सर्व्हो (सांगितलेल्या अंशापर्यंत फिरणाऱ्या) मोटरी, डीएस-३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा बीआयएस नोंदणीच्या खुणेचा अडॅप्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. बोर्ड जुना, साधा ईएसपी-३२ च घ्या. स्पर्श ओळखणाऱ्या पिना त्यातच असतात, वेगळं काही लागत नाही. माझा सगळा खर्च दोन हजारांच्या आतबाहेर गेला.

पानं कागदाची करू नका. मी पहिली कागदाची केली होती. आर्द्रा लागल्यावर ती पापडासारखी मऊ पडली आणि श्रावणात त्यांच्यावर करडी बुरशी आली.

एक पान

चारही पानं एकदम करायला घेऊ नका. एक पूर्ण करा, हातानं ओढून बघा, मग उरलेली तीन करा.

छत्रीच्या कापडाच्या दोन थरांमधे पेस्टिंग ठेवा, वर सुती फडकं पसरा आणि मंद इस्त्री फिरवा. फडकं नसेल तर नायलॉन वितळून इस्त्रीला चिकटतं. थंड झालं की ४ सेंमी लांब आणि दीड सेंमी रुंद अशा वीस पर्णिका कापा. कातरीनं कापल्यावर कडांचे दोरे सुटतात, म्हणून मी सोल्डरिंगच्या गरम टोकानं कापतो. कड आपोआप बंद होते आणि बोटाला किंचित खरखरीत लागते, खऱ्या पानाच्या कडेसारखी. हे काम पडवीत, वाऱ्यावर करा, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एकमेकांपासून ५ मिमी अंतरावर दोन भोकं पाडा.

आता सांगाडा. २४ सेंमीचे तीन हीर घ्या. बाहेरचे दोन एकमेकांपासून १० मिमी अंतरावर समांतर ठेवून दोन्ही टोकांना बांधा. तिसरा त्यांच्या बरोबर मधोमध, तो बांधायचा नाही, नुसता सरकता ठेवायचा. दोन्ही टोकांच्या बांधणीत दोऱ्याची छोटी कडी ठेवलीत की मधला हीर तिच्यातून पुढेमागे जातो. डावीकडच्या दहा पर्णिका डाव्या हिरावर आणि उजवीकडच्या उजव्या हिरावर, १८ मिमी अंतरानं बांधा. पर्णिकेचं बाहेरचं भोक बाहेरच्या हिराला, आतलं भोक मधल्या सरकत्या हिराला. दोऱ्याचा फास हिरावर गोंदाच्या थेंबानं पक्का करा, पण भोकात तो सैल असू द्या. या सैलपणावर सगळं अवलंबून आहे. मी आधी गाठी आवळल्या होत्या आणि पर्णिका जागच्या हलत नव्हत्या.

मधला हीर देठाकडे चारेक मिलिमीटर ओढा. दोन्ही बाजूंच्या पर्णिका एकदम टोकाच्या दिशेनं वळून मिटतील. पहिल्यांदा हे हातात झालं तेव्हा मी रात्री अकरा वाजता घरच्यांना उठवून दाखवलं. सोडल्यावर त्या परत उघडायला हव्यात, म्हणून पानाच्या टोकाशी मधल्या हिराला पेनाची स्प्रिंग जोडा. रबर लावू नका, खाऱ्या हवेत ते वर्षात चिकट होऊन तुटतं.

देठासाठी १२ सेंमीचे दोन हीर एकत्र बांधा, म्हणजे ते वाकतील आणि परत सरळ होतील. मधल्या हिराच्या देठाकडच्या टोकाला तंगूस बांधून ती देठाच्या खालच्या अंगानं, दोन कड्यांतून फांदीकडे न्या. हिराचं टोक आणि पहिली कडी यांच्यामधे, कडीपासून ४ मिमीवर, तंगुसात मणी गाठवा. तंगूस ओढली की आधी पर्णिका मिटतात. मग मणी कडीला अडतो आणि पुढची ओढ सगळी देठावर येते, देठ खाली झुकतो. आधी पर्णिका, मग देठ. एकाच मोटरीनं, एकाच दोऱ्यानं.

स्पर्शाची तार

ईएसपी-३२ च्या काही पिना त्यांना जोडलेल्या तारेजवळ बोट आलं की तारेची विद्युतधारकता (वीज धरून ठेवायची क्षमता) बदलल्याचं ओळखतात. त्यासाठी धातूला प्रत्यक्ष बोट लागायची गरज नसते, पातळ आवरणातूनही चालतं. कोकणात हे वरदान आहे. माझ्या पहिल्या फांदीत उघडी तांब्याची पट्टी होती, ती एका पावसाळ्यात हिरवी पडून गळाली. वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचं आवरण आधीच असतं, तिला खारी हवा लागतच नाही.

तार एका बाहेरच्या हिराला लपेटत टोकापर्यंत न्या. माणूस पानाला बहुधा टोकाकडे हात लावतो, तेव्हा टोकाच्या तीन जोड्यांत कापडाच्या दोन थरांमधे तारेचा एकेक लांबट फास इस्त्रीआधीच घालून ठेवा. पर्णिका वळते तिथे तार हिराभोवती तीन सैल वेढे देऊन मगच आत जाऊ द्या, नाहीतर रोजच्या वळण्यानं ती तुटते. आवरण खरवडायचं ते फक्त बोर्डाकडच्या टोकाला. तिथे सोल्डर झाल्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात मारा.

चार तारांसाठी ४, २७, ३२ आणि ३३ या पिना घ्या. ०, २, १२ आणि १५ या पिनांनाही स्पर्श कळतो, पण बोर्ड चालू होताना त्यांची अवस्था वाचतो. तिथे तार लावली तर कधीतरी तो सुरूच होत नाही आणि कारण सापडत नाही.

मोटरी आणि वीज

मोटरी पानापाशी ठेवू नका. त्यांचा किरकिर आवाज आला की झाड संपलं. फांदीच्या बुंध्याला लाकडी पेटी करा, मोटरींखाली काथ्याची जाड गादी द्या आणि तंगूस बारीक प्लास्टिक नळीतून पानांपर्यंत न्या. २० मिमीची चकती पाव फेरा फिरली की साधारण १६ मिमी दोरा ओढला जातो. त्यातला चार मिमी पर्णिकांना, उरलेला देठाला, एवढा पुरतो. पेटीला हवेसाठी भोकं ठेवा आणि त्यांवर मच्छरदाणीची जाळी लावा. आमच्या पेटीत एकदा पाल शिरली होती.

मोटरींना वीज बोर्डातून देऊ नका. थेट अडॅप्टरवरून द्या, मोटरींजवळ कपॅसिटर बसवा, आणि बोर्डाची व मोटरींची ऋण तार एकत्र जोडा. माझ्याकडे सुरुवातीला पानं मिटायला लागली की बोर्ड बंद पडून परत चालू व्हायचा, कारण सगळ्या मोटरी एकदम वीज खेचत होत्या. आता त्या एकामागून एक हलतात.

खाटेवरच्या माणसाच्या हाताशी ५ व्होल्टच्या वर काही येता कामा नये. अडॅप्टर लांब, भिंतीवर उंच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा.

वेळ शिकवणं

आर्डुइनो या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा प्रोग्राम लिहिता येतो. ओळी ज्यानं त्यानं आपल्या पद्धतीनं लिहाव्यात, मी वागणूक सांगतो.

पहिलं, दमटपणा. साध्या ईएसपी-३२ वर तारेला बोट लावलं की स्पर्शाच्या पिनेवरून वाचलेला आकडा उतरतो. माझ्या मीटरभर तारेवर न शिवता ३८ च्या आसपास, शिवल्यावर २९. मे महिन्यात मी ३३ ही रेषा ठरवून मोकळा झालो. मृगाचा पाऊस आला, हवा भिजली, आकडे आपोआप घसरले आणि मध्यरात्री कोणी न शिवता चारही पानं मिटली. ठरीव आकडा इथे चालत नाही. बोर्डानं दर क्षणी आपली नेहमीची पातळी स्वतः शोधली पाहिजे. ५० मिलिसेकंदांनी एकदा वाचा, आणि जुन्या पातळीत नव्या वाचनाचा हजारावा भाग मिसळत राहा. वाचन त्या पातळीच्या ८५ टक्क्यांखाली सलग तीनदा गेलं तरच तो स्पर्श. स्पर्श चालू असताना पातळी गोठवा, नाहीतर हात ठेवून राहिलेल्या माणसाचा हातच तिला नेहमीचा वाटायला लागतो. अर्धा मिनिट झालं तरी आकडा खालीच असेल तर पातळी नव्यानं घ्या. अडॅप्टर इन्व्हर्टरवर गेला की अर्थिंग बदलतं आणि आकडेही उडी मारतात, त्यासाठी ही सोय लागते. तपासणी जुलैत, झडी लागलेली असताना करा.

दुसरं, चाल. पर्णिका दीड सेकंदात मिटू द्या, जरा थांबा, मग देठ दोन सेकंदांत झुकू द्या. उघडताना दर आठ सेकंदांनी एक अंश, म्हणजे ९० अंशांना बारा मिनिटं. डोळ्याला हालचाल दिसत नाही, पण थोड्या वेळानं बघावं तर पान वर आलेलं असतं. प्रत्येक पावलानंतर मोटरीचा संकेत बंद करा, म्हणजे तिची गुणगुण थांबते. देठ फार ताठ केलात तर संकेत बंद होताच तो मोटरीला मागे फिरवतो, तेव्हा देठ हलकाच हवा.

तिसरं, शेजार. नुसतं बोट लागलं तर तेच पान मिटतं. दोन सेकंदांपेक्षा जास्त धरलं तर तीन सेकंदांनी शेजारचंही.

चौथं, सवय. मोनिका गॅग्लियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लाजाळूवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुंड्या १५ सेंमी उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. आधी पानं मिटली, पण यातून इजा होत नाही असं दिसल्यावर ती मिटेनाशी झाली, आणि महिनाभरानंतरही त्यांना ते ठाऊक होतं. माझ्या फांदीत असं केलं आहे : दहा मिनिटांत एकाच पानाला पाचव्यांदा शिवलं की ते अर्धंच मिटतं, आठव्यांदा मिटतच नाही. घरातली मुलं सुट्टीत दिवसभर तिला डिवचत होती. पान मिटेना तसा त्यांचा हात हळू झाला. मोटरींचं आयुष्यही यानं वाढतं.

पाचवं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १७२९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी दिवसा उघडणारं आणि रात्री मिटणारं झाड काळोखात ठेवलं. ऊन नसतानाही त्याची पानं दिवसाच्या वेळेला उघडत राहिली. म्हणजे काळोख्या खोलीतल्या झाडालाही सकाळ कळते. माजघरातल्या फांदीला हेच यायला हवं होतं. म्हणून घड्याळाचं मॉड्यूल. त्याला स्वतःचा सेल असतो, तेव्हा दोन दिवस वीज गेली तरी वेळ चुकत नाही. २१ आणि २२ या पिनांना ते जोडा आणि वीज ३.३ व्होल्टच द्या. ५ व्होल्टवर स्वस्त मॉड्यूल आपल्या साध्या सेलला चार्ज करू बघतं आणि सेल त्यासाठी बनलेला नसतो. संध्याकाळी साडेसहापासून एकेक पान, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं मिटतं. पहाटे सहापासून तशीच उघडतात. रात्री शिवलं तरी काही होत नाही.

पहिल्या संध्याकाळी शेवटचं पान खाली गेलं तेव्हा काकी तिकडे तोंड करून पडली होती. "निजला रे ह्या झाड," ती म्हणाली, "माका पण नीज येता." अंधारात पडून दिवस-रात्र एक झालेल्या माणसाला संध्याकाळ कळणं केवढं असतं, ते मला तेव्हा उमगलं.

टांगणं

निजलेल्या माणसाचा हात कोपरात वाकलेला असताना जिथे पोचतो तिथे पानाचं टोक यायला हवं. हात ताणावा लागला तर दोन दिवसांत कोणी शिवत नाही. काकीच्या खाटेवर मी आधी काठी धरून तिला ती जागा दाखवायला सांगितली. फांदी म्हणून चिकूची वाळकी डहाळी घेतली, साल तशीच ठेवली. पिवळसर उजेडाचा छोटा दिवा पानांच्या वर, भिंतीपासून हातभर पुढे लावा. चुन्याच्या भिंतीवर पानांची सावली पडते आणि पंखा चालू असला की ती हलते. ज्याला पानं नीट दिसत नाहीत, त्याला ही मोठी सावली दिसते.

आगोटीची कामं

मे संपताना, घरावरची कौलं चाळायच्या दिवसांतच फांदी उतरवा. स्प्रिंगा बघा, गंजल्या असतील तर बदला. कड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या, खोबरेल नको, ते धूळ धरून चिकट होतं. हीर वर्षभर वाकून वाकून तसाच राहायला लागतो आणि पान पूर्ण वर येत नाही. असा देठ सुधारत बसू नका, नवा बांधा. तंगूस कडीत घासून पांढरी पडली असेल तर तीही बदला. आणि पाचवं पान करून कपाटात ठेवा. ऐन श्रावणात एखादी तार आत तुटली तर छत्रीचं कापड वाळवायलाही ऊन नसतं.